पुसलेली वाटी

वाटी इतकी स्वच्छ होती की तिच्या तळाशी डोक्यावरचा पंखा फिरताना दिसत होता. विमलने आधी त्या वाटीतल्या पंख्याकडेच बघितलं. मग लेकीच्या वाटीकडे. दिशाने ती एका बोटाने ढकलत टेबलाच्या पार कडेला नेली होती, मेलेलं झुरळ ढकलावं तशी. मग स्वतःच्या वाटीकडे. तिच्यातली चटणी डोशाच्या पहिल्याच तुकड्याबरोबर तोंडात गेली होती आणि जिभेने ती तिथूनच परत पाठवली होती. पांढऱ्या चटणीवर बारीक बारीक बुडबुडे आले होते. ओलं खोबरं आंबलं की ते दुसऱ्या कोणी सांगायला लागत नाही, ते आपलं आपणच बोंब मारतं. आणि कमळाकर, तिचा नवरा, समोर बसून डोशाचा शेवटचा तुकडा त्याच चटणीच्या शेवटच्या थेंबावरून गोल फिरवत होता, अगदी मन लावून. वाटी पुसून झाल्यावर त्याने तो तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला आणि पाण्याचा पेला उचलला. त्याच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. पण सुखही नव्हतं, आणि हे तिला जास्त लागलं.

तेवढ्यात केरू आला. पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या या उडप्याकडे केरू कित्येक वर्षं वेटर होता, गणपतीच्या आधीचे चार महिने सोडून. ते चार महिने तो हमरापूरला भावाच्या कारखान्यात मूर्तींना रंग द्यायचा, म्हणून दसरा उलटला तरी त्याच्या नखांच्या कडेला सोनेरी रंग राहिलेला असायचा. सकाळपासून लाईट नव्हती, आत्ता अर्ध्या तासापूर्वी आली, तोवर फ्रिज तापून चटणी गेली, शेट्टींनी दुसरी वाटायला घातलीय, असं ओशाळून सांगत तो वाट्या गोळा करायला लागला. दिशाची उचलली, विमलची उचलली, कमळाकरची उचलली आणि थबकला. "सगळ्या हाटेलातून वाट्या भरल्या परत आल्या," तो म्हणाला. "ही एकच रिकामी." तो हसला, बरोबर कोणी हसलं नाही म्हणून गंभीर झाला आणि खांद्यावरचं फडकं टेबलावर फिरवून गेला.

"बाबा, तुम्ही खाल्लीत ती?" दिशाने नाकाला ओढणी लावत विचारलं.

"त्यांना आंबट आवडतं," विमल म्हणाली. "पहिल्यापासून."

हे खोटं तिच्या तोंडून आपसूक आलं, ठेच लागल्यावर हात पुढे जातो तसं. आणि ते बोलून झाल्यावरच तिला समजलं, की आपल्याला समजलेलं आहे.

माणसाचं नाक म्हणजे काही मंगळसूत्र नव्हे, की तुटलं तर त्याच क्षणी गळ्याला कळावं. ते असतं तिथेच असतं. त्याच्यावर चष्मा टेकतो, पावसाळ्यात ते वाहतं, देवासमोर वाकलं की ते जमिनीला लागतं. आतलं निघून गेलं तरी बाहेरून पत्ता लागत नाही. अर्थात विमलला त्या वेळी हे असं नीट सुचलं नाही. तिने फक्त टेबलाची सनमायकाची कड धरून ठेवली. कमळाकर तिच्याकडे बघत नव्हता. तो गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीखाली लुकलुकणाऱ्या लाल बल्बकडे बघत होता, जणू तिथे काही लिहून येणार होतं. दिशा बोलत होती. पाचव्या महिन्यात तिला बोलायचा आणि खायचा असे दोनच उद्योग उरले होते. आज तिला पेणच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं, आणि दाखवून झाल्यावर इथला मसाला डोसा खायचा होता, इथलाच, रोह्याचा नको; लहानपणी मामाकडे येता-जाता खाल्लेला तो. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात म्हणतात, म्हणून सेकंड शिफ्ट असूनही बाप बरोबर आला होता. साडेबाराची गाडी धरली की दोनच्या आत रोहा, तीनला कंपनी. आणि या पोरीचं नाक सध्या असं झालं होतं, की पलीकडच्या टेबलावरच्या बाईने गुडघ्याला बाम चोळलाय, आत मोरीत फिनेल संपलंय, आणि शेट्टींच्या गल्ल्यातल्या बडीशेपेला भिजल्यासारखा वास येतोय, हे ती बसल्या जागेवरून सांगत होती. बापाचं नाक पोरीला गेलं, असं विमल चार लोकांत कौतुकाने सांगायची. आज तिला वाटलं, खरोखरच गेलं की काय. घरात एकच होतं, आणि ते पोरीला देऊन टाकलं.

कारण कमळाकरचं नाक हे काही साधंसुधं नाक नव्हतं. खांब गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, अकरावी नापास, रोह्याच्या केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागला आणि ऑपरेटर झाला तो नाकावर. त्याला तिथे नाकवाले दादा म्हणत. कंपनीच्या बसमधून गेटाशी उतरता उतरता तो म्हणायचा, आज दोन नंबरचा व्हॉल्व्ह रडतोय, आणि आत जाऊन बघावं तर खरंच त्या व्हॉल्व्हच्या मानेशी एक थेंब लोंबत असायचा. भिंतीवर गॅस ओळखणारं यंत्र होतं, पण ते पावसाळी हवेत उगाच केकाटायचं म्हणून कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवलं होतं, आणि ते परत चालू करायला कोणाला सुचलं नव्हतं, कारण दादा होता. पोरं काही वास आल्यासारखं झालं की यंत्राकडे नाही, दादाकडे बघत. दादा म्हणाला काय नाय, की काय नाय. दादा म्हणाला निघा, की हातातलं टाकून निघायचं. दिशाच्या लग्नात हे सगळं, कंपनीतल्या मित्रांकडून ऐकलेलं, निकेशने स्वतः सांगितलं होतं, मांडवात, हातात लाडू घेऊन. जावई म्हणून तो गोरागोमटा पोरगा आवडला होताच, पण सासऱ्याच्या नाकाचं असं कौतुक करणारा म्हणून विमलला तो जरा जास्तच आवडला. शिमग्याला कमळाकरने त्याला आपल्याच कंपनीत चिकटवला, टेम्पररी, आणि साहेबाला सांगून आपल्याच शिफ्टला घेतला. माझ्या शेजारी राहील, म्हणाला. त्या दिवसापासून दिशा रात्री शांत झोपते. असं ती स्वतःच सांगते. बाबा आहेत ना, म्हणते.

विमलने समोरचा डोसा मोडला, पण खाल्ला नाही. बटाट्याची भाजी पिवळीधमक, वर कढीपत्त्याचं एक पान. सांबारातून हिंगाचा वास वर येत होता, आणि आतून कॉफीचा, आणि या दोन वासांच्या मधे, स्टीलच्या ताटाएवढ्या अंतरावर, तिचा नवरा एकटा बसला होता. आतून काच लावून घेतल्यासारखा. कधीपासून? तिने मनात मागे मागे जायला सुरुवात केली, जसं माणूस हरवलेली किल्ली शोधत आलेल्या वाटेने परत जातो. गणपती दूध प्यायला लागला म्हणून अख्खं रोहा वाट्या-चमचे घेऊन धावलं, त्याला यंदा दोन वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी वरसे गावच्या देवळासमोर सांडलेलं दूध नासून माशा घोंघावत होत्या, बायका तोंडाला पदर लावून वाट काढत होत्या, आणि हा तिथेच पायरीवर बसून अर्धा तास पेपर वाचत होता. तेव्हा तिला वाटलं, भक्ती. त्याआधी एकदा कंपनीत पाईप फुटला होता आणि तीन दिवस याच्या नाकातून रक्त येत होतं, मग खपली धरली, मग सर्दी झाली, मग सगळं बरं झालं. बरं झालं असं तोच म्हणाला होता. आणि मग तो गप्प झाला. म्हणजे बोलायचा, पण जेवणाबद्दल बोलायचा बंद झाला. जो माणूस फाटकातूनच सांगायचा, आज सोड्याचं कालवण हाय आणि त्यात तू कोकम टाकायला विसरलीयस, तो आला, हातपाय धुतले, बसला, जेवला, उठला. पहिले आठ दिवस तिने वाट बघितली. मग महिना. मग तिने ठरवलं, की याचं आपल्यावरून मन उडालं.

बायकांचं एक असतं. नवऱ्याचं मन उडालं असं एकदा ठरवलं, की मग त्याला पुरावे मिळत जातात, पावसाळ्यात भिंतीला ओल मिळते तसे. त्याने तिच्या मानेशी नाक न्यायचं बंद केलं होतं. ही त्याची खोड अशी, की तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी सुटली नव्हती. भाकरी थापत असली तरी मागून यायचा, मानेवर एक लांब श्वास घ्यायचा आणि काही न बोलता निघून जायचा. ते बंद झालं तेव्हा ती आरशापुढे उभी राहिली. चाळिशी उलटलेली बाई आरशापुढे उभी राहते तेव्हा आरशालाही काय बोलावं ते सुचत नाही. तिने मोगऱ्याचं तेल आणलं. पावडर आणली. कंपनीतून येणाऱ्या नवऱ्यासाठी सोनचाफ्याचं फूल केसात घालून दारात उभी राहिली, आणि तो म्हणाला, पाणी तापलंय का. आता इथे, सनमायकाच्या या टेबलावर, ते फूल आठवून तिचा जीव इतका चुरला की तिने पाण्याचा पेला तोंडाला लावून ठेवला. आणि त्याहून वाईट होतं ते पुढचंच. कारण ती चिडली होती. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, मुद्दाम, तिने त्याला कालची आमटी वाढली. उतरलेली. झाकण काढल्यावर तिलाच मागे सरावं लागलं होतं. बोलतोय का बघू, म्हणून वाढली. शिव्या दे, ताट भिरकाव, पण माझ्या हातच्या अन्नाला काहीतरी म्हण. तो जेवला. सगळी जेवला. ताट उचलताना वर बघून म्हणाला, "बरी झालीय." तेव्हा तिला वाटलं होतं, याहून मोठा अपमान कुठला नवरा बायकोचा करू शकणार नाही. ती मोरीत जाऊन रडली होती. आणि तो बिचारा, आता कळतंय, इमानाने खुशामत करत होता. अंधारात, अंदाजाने, जीव तोडून.

एकदा सिलेंडरचं झालं. तेही आता सरळ उभं राहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. ती बाजारातून आली तर दार उघडतानाच गॅसचा लोट. नळी शेगडीशी सुटली होती आणि हा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून पेपर वाचत होता. तिने पिशवी टाकली, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, आणि मग त्याच्यावर जी सुटली ती शेजारची चंद्रावती गॅलरीत येईपर्यंत. जीव द्यायचाय का, घर जाळायचंय का. तो हसला होता. डुलकी लागली गो, म्हणाला. पण पेपर तर त्याच्या हातात उघडा होता, आणि चष्मा नाकावर, आणि डोळे टक्क. ती हे त्याच दिवशी बघत होती. बघितलेलं आणि कळलेलं यांच्यात दोन वर्षं जातात, आणि तोवर माणूस त्याच घरात, त्याच ताटात, त्याच अंथरुणात असतो.

आणि नेमकं इथे यावं हे, याच हॉटेलात. चोवीस वर्षांपूर्वी ते दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर बसले ते इथेच, तेव्हा टेबलं लाकडी होती आणि शेट्टी म्हणजे या शेट्टींचे बाप होते. मुलगी घरी बघून झाली होती. खाडीकाठी, मिठागराच्या बांधावरच्या तिच्या घरी. बाप मिठागरावर मुकादम, भाऊ मिठागरावर, तीही लग्न ठरेपर्यंत मीठ ओढायला जायची. मग मुलाकडचे म्हणाले, पोराला एक शब्द बोलायचाय, आणि दोन्हीकडचे चार पुरुष आणि ती असे पेणला येऊन उडप्याकडे बसले, कारण उडप्याकडे सोवळं-ओवळं नसतं, मटण-मच्छी नसते, कोणाच्या घरचं मीठ खाल्लं असंही होत नाही. त्या दिवशी तिने भावजयीच्या वासाच्या साबणाने तीनदा अंग धुतलं होतं. पुरुष दुसऱ्या टेबलावर बसले. हा समोर. इडली आली, दोघांनीही हात लावला नाही. आणि मग हा बाबा, आयुष्यातलं पहिलं वाक्य तिच्याशी बोलला ते असं, की साबणाच्या खालून तुम्हाला मिठाचा वास येतो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून जावं असं वाटलं. तोंड वर करून बघितलं तर हा घाबरलेला, कान लाल, हातात इडलीचा तुकडा. "म्हणजे चांगला," तो म्हणाला. "पाऊस संपल्यावर बांधाला येतो तसा." मग ती हसली, मग त्याने इडली खाल्ली. एवढ्यावर चोवीस वर्षं झाली. दुसऱ्या बायांना सोनं-नाणं मिळतं, घर मिळतं. तिला एक माणूस मिळाला होता ज्याला ती डोळे मिटूनही गर्दीतून सापडली असती. आता नाही सापडणार. आता ती त्याच्यासाठी बघितल्याशिवाय नव्हतीच.

दिशा उठली. पाचव्या महिन्यात बाईला दर अर्ध्या तासाने उठावंच लागतं. ओढणी सावरत ती मागच्या दाराकडे गेली. पुरुषांच्या तोंडाकडे बघून बायका किती काय ओळखतात असं म्हणतात, पण विमलने आता प्रथमच नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, तर ते तिच्याकडेच लागलेलं होतं. तिच्या डोळ्यांकडे नव्हे. तिच्या नाकाकडे, ओठांकडे, भुवयांकडे. फिरत होतं. ते बघणं तिने दोन वर्षं बघितलं होतं आणि त्याला ती संशय म्हणत आली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. वाटी गेली तेव्हाच त्याला कळलं असावं. "पाईप फुटला तेव्हापासून."

"मला नाय सांगितलंत."

"सांगून काय करणार होतीस गो? तुझं देणार होतीस?"

पनवेलला जाऊन तो डॉक्टरला दाखवून आला होता, एकटाच, ओव्हरटाईम आहे असं घरी सांगून. डॉक्टरने नाकात बॅटरी मारली, कापसावर काय काय घालून नाकाशी धरलं आणि मग कापूस टाकून दिला. आतलं जळलंय, परत यायचं नाही, जिभेलाही आता फारसं कळणार नाही. हे तो असं सांगत होता जसं कोणी शेजारच्या म्हशीबद्दल सांगावं. कंपनीत सांगितलं असतं तर ऑपरेटरचं काम गेलं असतं, आणि निकेश त्याच्या शब्दावर लागला होता. शब्द देणाराच बाद झाला तर शब्दाला कोण विचारतो. दिवाळीला निकेश कायम होणार होता. तीन आठवडे. त्यानंतर काय ते बघू, सांगू, सोडू. तीन आठवडे फक्त.

"मग तिथे कसं करता?" विमलने विचारलं. "वास आला तर?"

"तोंडं बघतो."

"काय?"

"पोरांची तोंडं." त्याने पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "वास आला की माणूस आधी तोंड करतो, मग बोलतो. मधे थोडा टाईम असतो. तेवढ्यात मी बोलतो."

केवढं हुशारीचं काम होतं ते. आणि तिला क्षणभर, देव क्षमा करो, त्याचं कौतुकच वाटलं. दोन वर्षं सगळ्या शिफ्टला, साहेबांना, तिला, सगळ्यांना त्याने तोंडांवरून वाचून काढलं होतं. ते त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता, आणि मधे कोणीच काही हुंगत नव्हतं. मग तिला पुढचं सुचलं, आणि कौतुक जागच्या जागी गोठलं.

"आणि निकेशराव?"

आत कुणीतरी खोबरं खवत होतं, खर्र, खर्र.

"त्याच्या तोंडावर काय दिसत नाय," कमळाकर म्हणाला. "तो माझ्याच तोंडाकडे बघत असतो."

"आज आमच्या तोंडाकडे नाय बघितलंत?"

"आज भूक लागलेली," तो म्हणाला. "पानातच बघत होतो."

दिशा परत आली तेव्हा दोघं तसबिरीतल्या देवाकडे बघत होते. पाठोपाठ केरू आला, ताज्या चटणीच्या तीन वाट्या एका हातात घेऊन, सोनेरी नखाचा अंगठा एकीत जवळजवळ बुडवून. शेट्टींनी स्वतः वाटून दिलीय, म्हणाला, आता बिनघोर खा. पण पोटुशी बाई एकदा शंकेला लागली की लागली. तिने वाटी उचलली, नाकाशी नेली, म्हणाली, मला आता सगळ्यालाच तोच वास येतोय, नाकात बसलाय मेला. आणि तिने वाटी बापापुढे धरली. लहानपणापासून घरात हेच चालत आलं होतं. दूध नासलं का, मासळी ताजी आहे का, मामाने पाठवलेला खरवस खायचा का, बाबा, बघा. "बाबा, बघा हो," दिशा म्हणाली. "ही तरी बरी आहे का?"

कमळाकरने वाटी घेतली. दोन्ही हातांनी, तीर्थ घ्यावं तशी. नाकाशी नेली. डोळे अर्धे मिटून एक लांब श्वास घेतला, तोच, मानेवरचा. विमलला तो पाठीच्या कण्यापर्यंत ओळखीचा वाटला. आणि मग, वाटी नाकाशी तशीच धरून, त्याने वाटीवरून विमलच्या तोंडाकडे बघितलं.

पंखा तिच्या मागून वारा पुढे ढकलत होता. टेबल रुंद होतं. तिला इकडे काहीही वास येत नव्हता, ना आंबूस ना ताजा. ती सांगू शकली असती, मला इथून कळत नाय, आण इकडे. पण मग दिशाने विचारलं असतं, बाबांच्या हातात आहे ना, तू कशाला. एक पापणी लवायचा वेळ. तो वाट बघत होता. तिने मान हलवली. हलवली म्हणजे काय, हनुवटी जराशी खाली आली, एवढंच. भुवया सैल सोडल्या, ओठ सैल सोडले, सगळं ठीक आहे असं तोंड केलं. "बरी हाय," कमळाकर म्हणाला. "खा." आणि दिशाने डोशाचा मोठा तुकडा बुडवून, दोन जिवांच्या भुकेने, तोंडात टाकला. विमल ती चावते त्या जबड्याकडे बघत राहिली. चटणी चांगली होती. ताजीच होती, मिरचीही कमी होती. पण ते नंतर, दिशाने मान डोलावल्यावर कळलं. आधी तिने काही न हुंगताच सांगितलं होतं, आणि तिच्या सांगण्यावर त्याने, आणि त्याच्या सांगण्यावर पोरीने खाल्लं होतं. इतकं सोपं होतं ते. असंच तीन वाजता होणार होतं. असंच दोन वर्षं रोज तीन वाजता, किंवा सात वाजता, शिफ्ट असेल तसं होत आलं होतं.

साडेबाराची गाडी वेळेवर लागली. दिशाला खिडकी, तिच्याशेजारी बाप, मागच्या बाकावर विमल. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, दोन्ही अंगांना पिवळं पडत आलेलं भात आणि त्यावरून येणारा कोरडा, गोडसर वास. असा वास आला की कमळाकर खिडकीतून नाक बाहेर काढून सांगायचा, आठ दिवसांत कापणी. तो पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता, बघून सांगता येतं ते सांगत होता, दिशा हसत होती. खिंड उतरल्यावर वारा समोरून यायला लागला आणि त्याबरोबर कंपन्यांचा वास गाडीत शिरला, कुजलेल्या अंड्याचा आणि तापलेल्या लोखंडाचा मिळून येतो तसा, रोजचाच. गाडीतल्या बायांनी पदर नाकाला लावले, पुरुषांनी रुमाल, कंडक्टरने कोपर. दिशाने ओढणी. विमलने पदराला हात घातला आणि तसाच ठेवला. कमळाकर मान वळवून मागे बघत होता. तिच्याकडे. त्याचा हात खिशाशी थांबला होता, रुमालावर. तिने श्वास आत कोंडला, तोंड कोरं ठेवलं आणि पदर मांडीवर सोडून दिला. का, ते तिला सांगता आलं नसतं. बघायचं होतं म्हणून. किंवा एकदा तरी त्याच्याबरोबर तिथे, काचेच्या आत बसायचं होतं म्हणून. त्याचा हात खिशावरून गुडघ्यावर आला. भरल्या गाडीत सगळी नाकं झाकलेली, आणि ती दोघंच उघड्या तोंडाने बसलेली, फोटोला बसावं तशी. "बाबा, तुमचं नाक म्हणजे पण ना," ओढणीतून दिशा म्हणाली, "सवयीने लोखंडाचं झालंय."

रोहा स्टँडला निकेश उभा होता, दोघांचे डबे एका हातात, दुसऱ्या हातात बायकोसाठी केळी. फाट्यावर कंपनीची बस लागली होती, पोरं चढत होती. त्याने दिशाला हात देऊन उतरवलं, डोसा कसा होता विचारलं, सासूच्या हातातली पिशवी घेऊ लागला. तेवीस वर्षांचा पोरगा. गळ्याशी शर्टाचं बटण तुटलेलं. विमल त्याच्या अगदी जवळ गेली, इतकी की तो जरा गोंधळला. सकाळच्या साबणाचा वास होता त्याला, आणि खाली खोबरेल तेलाचा, आणि त्याच्याही खाली त्याचा स्वतःचा, ओल्या लाकडासारखा. दिशा हात धुवायला नळावर गेली होती. विमलला निकेशला सगळं सांगायचं होतं. तीन आठवडे, कमळाकर म्हणाला होता. बाळ फाल्गुनात. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं, आणि ते बाहेर पडताना दुसरंच झालं.

"निकेशराव, वास आला ना कसला, तर कोणाच्या तोंडाकडे बघत बसू नका. पळा."

निकेश हसला. चांगल्या मनाचा होता, सासूची माया म्हणून घेतलं त्याने. "आई, मला कशाला पळायला लागतंय," तो म्हणाला. "बाबा आहेत की." बसने हॉर्न दिला, तो दोन्ही डबे सांभाळत पळाला, आणि पायरीवर चढून सासऱ्यासाठी जागा धरायला आत घुसला.

कमळाकर अजून खालीच होता. तो गेला नव्हता. एक पाय बसच्या पायरीवर, हात दांड्याला, आणि तो विमलच्या तोंडाकडे बघत उभा होता, कसला वास येतोय ते कळावं म्हणून.